अल्जिब्रा, अल्कली, अल्कोहोल

आवर्तसारणी शिकवायला घेतली की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. ऑक्सिजनचे चिन्ह ‘ओ’, कार्बनचे ‘सी’, मग पोटॅशिअमचे ‘के’ कसे? ‘त्याचे लॅटिन नाव कॅलियम’ असे उत्तर देऊन आपण पुढे जातो. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. कारण कॅलियम हा शब्द जुन्या रोमन लोकांनी कधी ऐकलाही नव्हता. लॅटिनचा पोशाख चढवलेला तो अरबी शब्द आहे आणि त्याचा सख्खा भाऊ त्याच धड्यात आपल्याला भेटतो : अल्कली.

इंग्रजी शब्दकोश ‘ए’ या अक्षरापाशी उघडावा आणि ‘ए-एल’ने सुरू होणारे शब्द क्रमाने पाहत जावे. अल्केमी, अल्कोहोल, अल्डेबरान, अल्डिहाइड, अलेम्बिक, अल्जिब्रा, अल्गोरिदम, अल्कली, अल्मनॅक, अल्टेअर. गणित, रसायन, खगोल या तिन्ही विषयांतली ही मंडळी एकाच पानाच्या आगेमागे बसलेली असतात. त्यांच्या तोंडाशी असलेले ‘अल्’ हे अरबी भाषेतले उपपद आहे, इंग्रजीतल्या ‘द’सारखे. अरबीत ते नामाला चिकटवूनच उच्चारतात. त्यामुळे ती भाषा न जाणणाऱ्याच्या कानाला ते शब्दाचाच भाग वाटते. आपणही याला अपवाद नाही. ‘अलबत!’ असे ठासून म्हणताना त्यातला ‘अल’ म्हणजे अरबी उपपद आहे हे कोणाच्या ध्यानीमनी असते?

हे शब्द युरोपात कोणत्या दाराने आले याचा पत्ताही हेच ‘अल्’ देते. इ. स. ७११ मध्ये मुस्लिम फौजा स्पेनमध्ये उतरल्या आणि त्यानंतर काही शतके त्या देशाच्या मोठ्या भागात अरबी ही राज्याची आणि विद्येची भाषा होती. स्पॅनिश लोकांनी अरबी शब्द उचलले ते बहुधा उपपदासकट. इटलीतल्या लोकांनी तेच शब्द व्यापाराच्या वाटेने घेतले, ते पुष्कळदा उपपद गाळून. साखरेचेच पाहा. आपल्या ‘शर्करा’पासून फारसीच्या वाटेने अरबी ‘सुक्कर’ झाला. स्पॅनिशमध्ये त्याचे ‘अझुकार’ झाले, इटालियनमध्ये ‘झुक्केरो’. इंग्रजी ‘शुगर’लाही उपपद नाही. कापसाला अरबीत ‘कुत्न’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये तो ‘अल्गोदोन’, इंग्रजीत नुसता ‘कॉटन’. एखाद्या पार्सलावरच्या टपालाच्या शिक्क्यासारखे हे उपपद आहे. मात्र शिक्का वाटेचा पत्ता देतो. पार्सल मुळात कोणी बांधले ते तो सांगत नाही.

१०८५ मध्ये ख्रिस्ती राजा सहाव्या अल्फोन्सोने तोलेदो हे शहर जिंकले आणि तिथली अरबी ग्रंथसंपदा युरोपातल्या विद्वानांच्या हाती आली. पुढच्या शतकात दूरदूरचे लोक स्पेनमध्ये भाषांतरासाठी येऊ लागले. इटलीचा जेरार्ड हा त्यांतला सर्वांत कष्टाळू. ११८७ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या नावावर सत्तरच्या वर भाषांतरे होती. कधीकधी अरबी जाणणारा स्थानिक माणूस मजकूर बोलभाषेत सांगे आणि पाहुणा तो लॅटिनमध्ये उतरवी. अशा कामात ज्या शब्दाला लॅटिन प्रतिशब्द सापडत नसे तो जसा ऐकला तसा कागदावर जाई.

अल्जिब्रा हा असाच गेला. नवव्या शतकात बगदादला खलिफा अल्-मामूनच्या पदरी महंमद बिन मूसा अल्-ख्वारिझ्मी हा गणिती होता. समीकरणे सोडवण्याच्या त्याच्या पुस्तकाच्या नावात दोन क्रियांची नावे आहेत : ‘अल्-जब्र’ आणि ‘अल्-मुकाबला’. जब्र म्हणजे मोडलेले सांधणे, उणीव भरून काढणे. मुकाबला हा शब्द आपल्याला परका नाही. समोरासमोर उभे करणे.

या क्रिया म्हणजे काय ते त्याच्याच एका उदाहरणावरून पाहू. ‘एक वर्ग हा चाळीस वस्तू वजा चार वर्ग यांच्याबरोबर आहे.’ आपल्या चिन्हांत : क्ष² = ४०क्ष − ४क्ष². उजव्या बाजूच्या चाळीस ‘वस्तू’ धड नाहीत, त्यांतून चार वर्ग तोडून नेलेले आहेत. ते परत आणून बसवायचे, म्हणजे जब्र करायचे. पण मग तेवढेच डावीकडेही घालायला हवेत. मिळाले ५क्ष² = ४०क्ष, म्हणून क्ष = ८. दोन्ही बाजूंना सजातीय पदे उरली तर ती समोरासमोर आणून लहानातले मोठ्यातून वजा करायचे, हा मुकाबला. अल्-ख्वारिझ्मीजवळ ना क्ष होता, ना बरोबरीचे चिन्ह. सारे पुस्तक शब्दांत आहे आणि अज्ञात राशीला तो नुसते ‘वस्तू’ म्हणतो.

आपण वर्गात याला पक्षांतर म्हणतो. पण ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा नियम मुलांना बहुधा जादूटोण्यासारखा वाटतो. पद पलीकडे गेल्यावर त्याचे चिन्ह का बदलावे? ‘जब्र’ या शब्दात त्याचे कारण दडलेले आहे. पद कोठे जात नाही. एका बाजूची तूट भरून काढली आणि न्यायाने दुसऱ्या बाजूलाही तेवढेच दिले, इतकेच घडते. आमच्या मते नियमाच्या आधी ही सांधण्याची कल्पना सांगितली तर निम्मे काम हलके होईल.

‘जब्र’चा दुसरा अर्थ तर थेट वैद्यकीय आहे : मोडलेले हाड बसवणे. स्पॅनिश भाषेत ‘अल्हेब्रिस्ता’ म्हणजे हाडवैद्य. सर्व्हान्टिसच्या ‘डॉन किहोते’च्या १६१५ साली निघालेल्या दुसऱ्या भागात घोड्यावरून पडलेल्या एका पात्रावर उपचार करणारा अल्हेब्रिस्ता आहे. तो समीकरणे सोडवत नव्हता!

रॉबर्ट ऑफ चेस्टर या इंग्रज माणसाने ११४५ मध्ये स्पेनमधल्या सेगोव्हिया गावी या पुस्तकाचे लॅटिन भाषांतर केले. पुढे शास्त्राला नाव मिळाले ते जोडीतल्या पहिल्या शब्दाचे. बिचारा मुकाबला मागे पडला. या तारखेशेजारी आणखी एक तारीख ठेवावीशी वाटते. ११५० मध्ये, म्हणजे अवघ्या पाच वर्षांनी, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला; बीजगणित हा त्याचाच भाग मानला जातो. त्यात अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हटले आहे, अज्ञाते अनेक असतील तर कालक, नीलक अशी रंगांची नावे आहेत आणि ऋण संख्यांचे नियमही आहेत. पुढे १२०७ मध्ये भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. सेगोव्हियाला पाटणची आणि पाटणला सेगोव्हियाची वार्ता नव्हती. म्हणून आपल्या पुस्तकावर ‘बीजगणित’ हे नाव आहे आणि इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकावर ‘अल्जिब्रा’. दोन्ही नावे आपापल्या जागी अस्सल आहेत, एक दुसऱ्याचे भाषांतर नव्हे.

त्याच अल्-ख्वारिझ्मीने शब्दकोशाला आणखी एक शब्द दिला, आणि तो तर न देता दिला. अरल समुद्राच्या दक्षिणेला ख्वारिझ्म नावाचा प्रदेश आहे. आता तो उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान या देशांत वाटला गेला आहे. तिथला तो अल्-ख्वारिझ्मी. आपल्याकडे साताऱ्याचा तो सातारकर, तसा हा ख्वारिझ्मकर! त्याने हिंदूंच्या अंकांनी हिशेब कसे करावेत यावर एक पुस्तक लिहिले होते. अरबी मूळ हरवले, लॅटिन अवतार उरला आणि त्यात ‘अल्गोरिझ्मी म्हणतो’ असा उल्लेख आहे. वाचणाऱ्यांना हळूहळू अल्गोरिझ्मी हा माणूस आहे याचाच विसर पडला. ‘अल्गोरिझम’ म्हणजे दशमान अंकांनी हिशेब करण्याची रीत असा अर्थ रूढ झाला. मग ग्रीकमध्ये संख्येला ‘अरिथ्मॉस’ म्हणतात, त्याच्याशी याचे काही नाते असावे असे कोणाला तरी वाटले आणि ‘झ’च्या जागी ‘थ’ येऊन बसला. व्युत्पत्ती चुकीची, पण वर्णलेखन टिकले. आज संगणकाच्या संदर्भात अल्गोरिदम हा शब्द रोज कानावर पडतो. त्यातला आशय एकेकाळी भारतीय अंकांचा, माणूस मध्य आशियातला, पुस्तक बगदादचे आणि शेवटचा ‘थ’ ग्रीक. हा शब्द नक्की कोणाचा, यावर हिरिरीने भांडण्यात फारसा अर्थ नाही.

आता अल्कली. खाऱ्या किनाऱ्यांवर वाढणाऱ्या काही मांसल झुडपांची राख अरब लोक साबण आणि काच करण्यासाठी वापरत. त्या राखेला ‘अल्-कली’ म्हणत. राख पाण्यात कालवून निवळी काढली, तीत चरबी उकळली की साबण. राख वाळूबरोबर वितळवली की काच. जमिनीवरची लाकडे जाळूनही अशीच राख मिळे. ती मोठ्या भांड्यांत धुऊन आटवत म्हणून इंग्रजीत ‘पॉट-अ‍ॅश’, म्हणजे भांड्यातली राख. दोन्ही राखा चवीला आणि स्पर्शाला सारख्या, त्यामुळे युरोपात त्या पुष्कळ काळ एकाच नावाखाली वावरल्या. १७३६ मध्ये द्युआमेल द्यु मोन्सो या फ्रेंच माणसाने त्यांतला फरक दाखवून दिला. आयुर्वेदाने मात्र यवक्षार आणि सर्जिकाक्षार अशी दोन नावे फार पूर्वीच वेगळी ठेवली होती. जवाच्या राखेचा जवखार हा प्रामुख्याने पोटॅशिअम कार्बोनेट आणि सज्जीखार हा सोडिअम कार्बोनेट. दुकानदार आजही त्यांना वेगळे ओळखतो.

१८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडून एक चमकदार धातू मिळवला आणि त्याला पॉट-अ‍ॅशवरून ‘पोटॅशिअम’ म्हटले. जर्मन रसायनज्ञ वनस्पतींच्या राखेतल्या क्षाराला ‘काली’ म्हणत, म्हणून तिकडे नव्या धातूचे नाव ‘कालियम’ पडले. बर्झेलियसने मूलद्रव्यांना अक्षरचिन्हे दिली तेव्हा लॅटिन वळणाची नावे पत्करली. त्यातून आला ‘के’.

गंमत पुढेच आहे. अरबांची मूळ कली ज्या झुडपांची होती, ती खाऱ्या मातीतून सोडिअम शोषून घेणारी झुडपे. तिच्या राखेत भरणा असतो सोडिअम कार्बोनेटचा. म्हणजे कलीवरून नाव ठेवायचेच होते तर ते सोडिअमला शोभले असते. ते गेले शेजाऱ्याच्या घरी! चिन्ह पाठ करताना मुलांना हे सांगावे. ‘के’ मग विसरायला होत नाही.

आणि आपल्या पाठ्यपुस्तकातले ‘अल्क धातू’? ‘अल्क’ शब्द दिसतो अगदी संस्कृत. अर्क, वल्क यांच्या पंक्तीला बसेल असा. पण तो उघडच अल्कलीची शेपटी छाटून केलेला आहे. अर्थाचा भाग होता ‘कली’ आणि उपपद होते ‘अल्’. आपण उपपद सबंध ठेवले आणि मुख्य शब्दाचा फक्त ‘क’ शिल्लक ठेवला. जर्मनांनी नेमके उलटे, म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर, केले होते. तरीही शब्द सुटसुटीत आहे आणि आता रुळलाही आहे. तो बदलावा असे आम्ही म्हणणार नाही.

अल्कोहोलचा प्रवास सर्वांत लांबचा. ‘अल्-कुह्ल’ म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. तो अँटिमनी सल्फाइडच्या काळ्या खनिजाची अतिशय बारीक पूड करून बनवीत. (बाजारातल्या सुरम्यात पुष्कळदा शिशाचे सल्फाइड असते आणि शिसे विषारी आहे, हे जाता जाता वर्गात सांगून ठेवावे.) युरोपातल्या किमयागारांनी हा शब्द घेतला आणि कोणत्याही वस्त्रगाळ पुडीला ते अल्कोहोल म्हणू लागले. पूड बारीक करायची ती वस्तूचा शुद्धतम भाग मिळावा म्हणून. तेव्हा ‘अल्कोहोल’चा अर्थ पुडीवरून सरकून ‘वस्तूचे सत्त्व’ असा झाला. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने द्राक्षमद्याच्या सत्त्वाला ‘अल्कोहोल व्हिनी’ म्हटले. पुढे ‘व्हिनी’ गळाले आणि अठराव्या शतकापर्यंत उरलेला एक शब्द ज्वालाग्राही द्रवाचे नाव होऊन बसला. एकोणिसाव्या शतकात रसायनज्ञांनी तो साऱ्या संयुगकुलाला दिला. सुरम्यापासून मद्यापर्यंत कोणीही एकदम उडी मारली नाही. प्रत्येक पायरी जवळची होती. सगळ्या पायऱ्या चढून गेल्यावर मात्र खालचे अंगण दिसेनासे झाले.

मग अरब लोक ऊर्ध्वपातनाने मिळालेल्या द्रवाला काय म्हणत? ‘अरक’, म्हणजे घाम. भांड्याच्या थंड झाकणावर जमणारे थेंब पाहिले की हे नाव का सुचले ते कळते. इंग्रजी शब्दकोशात हाही ‘ए’खालीच ‘अ‍ॅरॅक’ म्हणून नांदतो आणि मराठीत तो ‘अर्क’ झाला. आपण अल्कोहोलला ‘मद्यार्क’ म्हणतो. मद्य संस्कृत, अर्क अरबी. इंग्रजी शब्दात शिरलेला अरबी शब्द सुरम्याचा आणि मराठी शब्दात शिरलेला अरबी शब्द ऊर्ध्वपातनाचा. अर्थाच्या दृष्टीने आपला मद्यार्क जास्त नेमका म्हणावा लागेल. अरबांनी पुढे ‘अल्कोहोल’ हा आपलाच हरवलेला शब्द युरोपातून परत घेतला. आधुनिक अरबीत अल्कोहोलला ‘कुहूल’ म्हणतात.

या शब्दाचे तुकडेही कामाला लागले आहेत. १८३५ मध्ये लीबिगने अल्कोहोलमधून हायड्रोजन काढून मिळणाऱ्या संयुगाला नाव दिले : ‘अल्कोहोल डिहायड्रोजेनेटस’ याची अद्याक्षरे जोडून ‘अल्डिहाइड’. पुढे संयुगांच्या नामकरणाचे नियम ठरले तेव्हा अल्कोहोलच्या शेवटच्या ‘ओल’वरून अल्कोहोलांचा प्रत्यय आला आणि अल्डिहाइडच्या पहिल्या ‘अल’वरून अल्डिहाइडांचा. इथेनॉल आणि इथेनाल यांतल्या एका स्वराच्या फरकाने बारावीची मुले हैराण होतात. ते दोन प्रत्यय म्हणजे एकाच शब्दाचे शेपूट आणि डोके आहे. इथेनालच्या अखेरीस बसलेला ‘आल’ हा मूळचा अरबी ‘द’ आहे हे लीबिगच्याही डोक्यात नसावे.

अल्केमी आणि अलेम्बिक यांची हकीकत थोडक्यात सांगता येते. अलेम्बिक म्हणजे ऊर्ध्वपातनाचे जुने पात्र. अरबी ‘अल्-अन्बीक’, पण त्याच्या मुळाशी ग्रीक ‘अम्बिक्स’, म्हणजे प्याला. अल्-किमियाच्या मुळाशीही ग्रीक शब्द आहे. तो इजिप्तच्या ‘काळ्या भूमी’च्या नावावरून आला की धातू ओतण्याच्या क्रियेवरून, यावर विद्वानांत अजून एकमत नाही. सोने करण्याच्या नादापासून स्वतःला वेगळे काढू पाहणाऱ्या रसायनज्ञांनी ‘अल्’ झटकून टाकले आणि केमिस्ट्री हा शब्द उरला. आपल्याकडे उपपदाविना आलेल्या ‘किमया’ने मात्र जादूचा अर्थ अजून सोडलेला नाही. टॉलेमीच्या ‘अल्माजेस्ट’ या ग्रंथनामात तर ग्रीक ‘मेगिस्ते’, म्हणजे ‘सर्वांत मोठा’, याला अरबी उपपद लावलेले आहे. वर म्हटलेला पार्सलाचा शिक्का तो हाच. अरबी वेष्टनात ग्रीक, भारतीय आणि खुद्द अरबी असा सगळाच माल होता.

इतके वाचल्यावर प्रत्येक ‘ए-एल’ शब्दात अरबी शोधण्याचा मोह होतो. विद्यार्थ्यांना तर होईलच, तेव्हा त्यांच्यापुढे काही शब्द मुद्दाम टाकावेत. अल्ब्युमिन आणि अल्बिनो हे लॅटिन ‘पांढरा’ या शब्दापासून आले. अ‍ॅल्युमिनिअम तुरटीच्या लॅटिन नावावरून. अ‍ॅलर्जी हा शब्द १९०६ मध्ये फॉन पिर्के या डॉक्टराने दोन ग्रीक शब्द जोडून घडवला. यांत अरबीचा वासही नाही. अल्मनॅक, म्हणजे पंचांगासारखे पुस्तक, याचे ‘अल्’ अरबी खरे, पण पुढच्या ‘मनॅक’ची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. उलट काही शब्दांत उपपद वेश पालटून बसते. ‘स’, ‘र’, ‘न’ अशा काही व्यंजनांपूर्वी अरबीत ‘अल्’मधला ‘ल’ त्या व्यंजनासारखाच उच्चारला जातो. म्हणून दिशा या अर्थाच्या ‘अस्-सुमूत’चे इंग्रजीत ‘अ‍ॅझिमथ’ झाले. तिथे ‘ल’ शोधून सापडणार नाही. आणि ‘अ‍ॅझ्युअर’, म्हणजे आकाशी निळा, याची तऱ्हा याहून न्यारी. मूळ फारसी शब्द लाजवर्द. त्याचा आरंभीचा ‘ल’ हेच उपपद असावे असे समजून कोणीतरी तो काढून टाकला. म्हणजे कुठे परके उपपद अंगाला चिकटले, तर कुठे उपपद समजून स्वतःचेच अक्षर गमावले. कानाला काय वाटते यावर व्युत्पत्ती ठरत नाही. शब्द कोणत्या शतकात, कोणत्या भाषेतल्या कोणत्या लिखाणात, कोणत्या अर्थाने आला हे पाहावे लागते.

ताऱ्यांची नावे राहिली. अल्डेबरान म्हणजे ‘मागून येणारा’. हा आपल्या रोहिणीतला तांबूस तारा आणि तो कृत्तिकांच्या मागोमाग उगवतो. नाव चपखल आहे. अल्टेअर म्हणजे ‘उडणारा’, तो गरुडातला तारा, आपला श्रवण. अल्गोल म्हणजे ‘राक्षस’. दर दोन दिवस एकवीस तासांनी त्याचे तेज काही तास उतरते. ‘ए’खाली येणारे आणखी एक नाव आहे अखर्नार, अरबी ‘आखिर अन्-नह्र’, म्हणजे नदीचा शेवट. यामी या तारकासमूहाच्या वळणावळणाच्या आकृतीला पाश्चात्त्य लोक नदी मानतात, तिचे टोक. पण टॉलेमीने नदीचा शेवटचा तारा म्हणून नोंदला होता तो दुसराच, अधिक उत्तरेकडचा आणि बराच मंद. कारण खरा तेजस्वी तारा इतका दक्षिणेला होता की टॉलेमीच्या काळी अलेक्झांड्रियाहून तो क्षितिजावर येतच नसे. दक्षिणेचे आकाश युरोपियनांच्या माहितीचे झाल्यावर नदी लांबवली गेली आणि नाव नव्या टोकाशी नेऊन बसवले गेले. जुन्या ताऱ्याकडे त्याच अरबी नावाचे ‘अकामार’ हे दुसरे रूप राहिले.

आपल्याकडे अखर्नारला अग्रनद म्हणतात. डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री साडेनऊच्या सुमारास तो दक्षिणेच्या क्षितिजावर बरोबर समोर येतो : मुंबईहून सुमारे १४ अंश, कोल्हापूरहून १६, नागपूरहून १२ अंश उंचीवर. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश भरते, तेव्हा दीड मूठ मोजावी. दक्षिणेला डोंगर किंवा इमारत नसलेली जागा मात्र आधी पाहून ठेवायला हवी.